वार्धक्य किती, निष्क्रियता किती

साठी ओलांडलेल्या माणसाला दोन मजले चढताना धाप लागू लागली, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागला किंवा पाण्याने भरलेली बादली उचलवेनाशी झाली, की हे वयोमानाप्रमाणे चालायचेच असे म्हणून बहुतेक घरांत तो विषय संपवला जातो. हे स्पष्टीकरण सर्वस्वी चुकीचे असते, तर ते सोडून देणे सोपे गेले असते. परंतु ते अंशतः खरे आहे, आणि म्हणूनच असंख्य माणसे टाळता येण्याजोगे दौर्बल्य निमूटपणे स्वीकारतात. उतारवयात शरीरात दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. काळाच्या ओघात पेशी, ऊती आणि अवयव यांत होणारे बदल ही पहिली, जी कोणालाही पूर्णपणे रोखता येत नाही. आणि हालचाल कमी झाल्यामुळे होणारी झीज ही दुसरी, जी विशीतल्या तरुणालाही चुकत नाही. या दोहोंची बाह्य लक्षणे इतकी सारखी असतात की नुसत्या निरीक्षणाने त्यांची फारकत करता येत नाही. त्यासाठी मोजमापच करावे लागते, आणि असे एक विलक्षण मोजमाप अमेरिकेतील डॅलस शहरात १९६६ मध्ये सुरू झाले.

त्या वर्षी तेथील संशोधकांनी विशीतील पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले आणि त्यानंतर सुमारे दोन महिने त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. प्रत्येक टप्प्यावर त्यांची प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता मोजली गेली. म्हणजे शरीराने जिवाच्या आकांताने श्रम केले असता ते एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, याचे मोजमाप. ही कल्पना ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात मांडली आणि आजही माणसाच्या दमसासाचे सर्वांत विश्वासार्ह माप म्हणून ती वापरली जाते, कारण या एका आकड्यात फुप्फुसे, हृदय, रक्त, रक्तवाहिन्या आणि स्नायू या सर्वांच्या कामाची गोळाबेरीज सामावलेली असते. तीन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर त्या तरुणांची ही क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढच्या व्यायामाने ती भरून निघाली हे खरे. परंतु धडधाकट तरुणाचे शरीर निव्वळ पडून राहिल्याने तीन आठवड्यांत इतके खालावते, हेच त्या काळच्या वैद्यकाला हादरवणारे होते, कारण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून उठू न देणे ही तेव्हाची सर्वमान्य उपचारपद्धती होती.

या प्रयोगाचे खरे मोल मात्र तीस वर्षांनी उलगडले. तेच पाच जण पन्नाशीत आल्यावर १९९६ मध्ये त्यांची पुन्हा तपासणी झाली. मधल्या काळात त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने वाढले होते आणि शरीरातील चरबीचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर, म्हणजे थेट दुपटीवर गेले होते. तरीही त्यांची प्राणवायू ग्रहण करण्याची क्षमता अवघी ११-१२ टक्क्यांनी कमी झाली होती. तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या निजून राहण्याने जेवढी हानी झाली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयोवृद्धीनेही केली नव्हती. त्यानंतर सुमारे सहा महिने त्यांनी चालणे, हळू धावणे आणि सायकल चालवणे असा बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम केला आणि तो संपला तेव्हा त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीला येऊन पोहोचली होती. माणसे पाचच असल्यामुळे या निष्कर्षांवर सगळा भार टाकता येत नाही. परंतु त्याच माणसांची त्याच पद्धतीने इतक्या दीर्घ अंतराने केलेली तुलना वैद्यकात अतिशय दुर्मीळ आहे, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी तिची दिशा खोटी ठरवलेली नाही. या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, तोही येथे सांगायला हवा. साठीत केलेल्या तिसऱ्या तपासणीत घट वाढून मूळ क्षमतेच्या चतुर्थांशापलीकडे गेलेली आढळली, म्हणजे चाळीस वर्षांची एकूण हानी तेव्हा कुठे त्या तीन आठवड्यांच्या बरोबरीला आली. आणि पन्नाशीनंतर उताराचा वेग वाढतो, हेही त्यातून स्पष्ट झाले.

तीस वर्षांनंतर क्षमता परत आली ती कोणत्या वाटेने, हे पाहिले तर वार्धक्याचा अस्सल वाटा कोणता, तेही कळते. श्रमाच्या वेळी हृदय मिनिटाला जास्तीत जास्त जितके ठोके देऊ शकते तो आकडा वयाबरोबर अटळपणे उतरत जातो, विशीत तो दोनशेच्या आसपास असतो तर सत्तरीत साधारण १६० वर येतो, आणि कितीही व्यायाम केला तरी तो पुन्हा वर चढत नाही. डॅलसच्या त्या पाच जणांतही तो चढला नाही. त्यांची क्षमता वाढली ती प्रामुख्याने स्नायूंनी रक्तातून अधिक प्राणवायू शोषून घेतल्यामुळे. नियमित श्रमाने स्नायूंमधील केशवाहिन्यांचे, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे, जाळे दाट होते आणि तंतुकणिका वाढतात. तंतुकणिका म्हणजे पेशीतील ते सूक्ष्म घटक, जेथे अन्नाचे ज्वलन होऊन ऊर्जा तयार होते. व्यायामाने स्नायूंतील या घटकांची ऊर्जानिर्मितीची शक्ती दुपटीच्या घरात जाते, हे जॉन हॉलोझी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून १९६७ मध्ये दाखवून दिले होते. खुद्द हृदयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बैठ्या जीवनात हृदयाची भिंत हळूहळू ताठर होते आणि त्यामुळे ते पुरेसे भरत नाही. पंचेचाळीस ते चौसष्ट या वयोगटातील बैठ्या माणसांनी दोन वर्षे नेटाने व्यायाम केला असता हा ताठरपणा बराच कमी होतो, हे डॅलसमधीलच संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. सत्तरीच्या आसपास सुरू केलेल्या वर्षभराच्या व्यायामाने मात्र तो कमी झाला नव्हता. हृदयासाठी दार एका वयानंतर बरेचसे लोटले जाते. स्नायूंच्या बाबतीत ते नव्वदीतही उघडे असते, आणि म्हणून वार्धक्याच्या विचारात स्नायूंकडे आजवर झाले त्यापेक्षा कितीतरी अधिक लक्ष दिले गेले पाहिजे.

स्नायू अगणित तंतूंचा बनलेला असतो आणि हे तंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. मंद तंतू हळू आकुंचन पावतात, पण दीर्घकाळ थकत नाहीत; उभे राहणे, सावकाश चालणे, पाठ ताठ ठेवणे ही कामे त्यांची. जलद तंतू क्षणार्धात मोठा जोर लावतात आणि लवकर दमतात. उडी मारणे, ओझे उचलणे, खुर्चीतून झटकन उठणे, आणि ठेच लागल्यावर तोल जाण्याच्या आत दुसरा पाय पुढे टाकून स्वतःला सावरणे ही कामे त्यांच्यावाचून होत नाहीत. स्वीडनमधील यान लेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकस्मात मृत्यू आलेल्या, एरवी निरोगी असलेल्या ४३ पुरुषांच्या मांडीचा संपूर्ण स्नायू आडवा छेदून त्यातील तंतूंची मोजदाद केली आणि ती १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. स्नायूची घट पंचविशीच्या सुमारास अगदी मंद गतीने सुरू होते, पुढे तिचा वेग वाढत जातो आणि ऐंशीपर्यंत सुमारे ४० टक्के स्नायू नाहीसा झालेला असतो, असे त्यात आढळले. तंतूंची संख्याच घटते, आणि जे उरतात त्यांपैकी बारीक होतात ते मुख्यतः जलद तंतू.

तंतू नाहीसे होण्याचे मूळ पुष्कळदा स्नायूत नसून मज्जारज्जूत असते. तेथील प्रत्येक प्रेरक चेतापेशी आपल्या लांब शाखेद्वारे स्नायूतील तंतूंच्या एका गटाला आज्ञा देत असते, आणि साठीनंतर या चेतापेशी एकेक करून नष्ट होऊ लागतात. पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारची चेतापेशी नवी शाखा फोडून आपल्या गटात घेते, आणि ही शेजारीण बहुधा मंद प्रकारची असल्यामुळे तो जलद तंतूही कालांतराने मंद होतो. ज्यांना असा आश्रय मिळत नाही ते सुकून नाहीसे होतात व त्यांची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. बाहेरून पाहता मांडीचा घेर फारसा बदललेला नसतो, पण तिच्यातील बळ गेलेले असते. स्नायूंच्या या वयोपरत्वे होणाऱ्या घटीला अमेरिकन पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सार्कोपेनिया हे नाव सुचवले. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये तिच्या निदानासाठी काही सोप्या मर्यादा ठरवल्या. हाताच्या पकडीचे बळ पुरुषांत २८ किलोग्रॅमपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी भरणे, किंवा हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागणे, ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. हाताची पकड हे क्षुल्लक माप वाटेल. परंतु भारतासह सतरा देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पकडीचे बळ पाच किलोग्रॅमने कमी असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा हे माप अधिक चांगले भाकीत करणारे ठरले. तरीही ज्येष्ठांच्या नेहमीच्या तपासणीत रक्तदाब आणि साखर मोजली जाते, पकड क्वचितच.

येथे चालण्याविषयीचा एक प्रचलित समज तपासणे आवश्यक आहे. सकाळ-संध्याकाळ फेरफटका मारणाऱ्या ज्येष्ठांना आपला व्यायाम पूर्ण झाला असे वाटते, आणि हृदय, रक्तदाब, रक्तातील साखर व मनःस्वास्थ्य यांच्या दृष्टीने चालणे खरोखरच अमोल आहे. भराभर चाललेल्या माणसाचा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची वाट न पाहताही आत ओढून घेऊ शकतो, ही एकच गोष्ट मधुमेहाच्या या देशात पुरेशी महत्त्वाची आहे. परंतु स्नायूंना कामाला लावण्याची मज्जासंस्थेची एक ठरलेली रीत आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एल्वूड हेनेमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवल्याप्रमाणे हलक्या कामाला आधी लहान, मंद गट लावले जातात आणि जोर वाढेल तसतसे मोठे, जलद गट पुढे येतात. सपाट रस्त्यावरच्या सावकाश चालण्यात जलद तंतूंना बोलावण्याची वेळच येत नाही. त्यामुळे रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या सत्तरीतल्या माणसालाही भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसून उठणे अशक्य होऊ शकते, आणि त्यात काही कोडे नाही.

जलद तंतूंना बोलावणारा व्यायाम म्हणजे भाराविरुद्ध केलेला व्यायाम. तो वृद्धांना झेपेल का, या शंकेचे उत्तर १९९० मध्ये बोस्टन येथील एका वृद्धसेवा संस्थेत मिळाले. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सरासरी ९० वर्षे वयाच्या, अनेक दुखण्यांनी जर्जर झालेल्या दहा रहिवाशांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनांसह व्यायाम करून घेतला, आणि तोही नावापुरत्या वजनाने नव्हे, तर प्रत्येकाला एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या जवळपास ८० टक्क्यांपर्यंत भार नेऊन. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, मांडीच्या मध्यभागातील स्नायूचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले आणि दोघांना काठीची गरज उरली नाही. या दोन आकड्यांमधील तफावत विचार करण्याजोगी आहे. स्नायू ९ टक्के वाढला आणि बळ जवळजवळ तिपटीवर गेले, याचा अर्थ असा की शिल्लक असलेले पुष्कळसे तंतू वर्षानुवर्षे वापराविना पडून होते आणि व्यायामाने प्रथम जागी झाली ती त्यांना एकदिलाने कामाला लावणारी मज्जासंस्था. ज्याला कुटुंबीय आणि कदाचित डॉक्टरही वार्धक्य समजत होते, त्याचा मोठा हिस्सा निष्क्रियतेचा होता. त्याच संस्थेत शंभर रहिवाशांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत प्रयोगानेही व्यायामाचा लाभ पक्का केला. निव्वळ पोषक पेय देऊन व्यायाम न करवलेल्या गटात मात्र तसा फरक पडला नाही.

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो उलगडण्याचे बरेचसे श्रेय पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाला जाते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी तुलना करताना त्यांना असे दिसले, की आपली बाळे सरासरी २.७ किलोग्रॅमची, म्हणजे तेथील बाळांहून सुमारे पाऊण किलोने हलकी असली, तरी ती कमतरता स्नायूंत अधिक आणि त्वचेखालच्या चरबीत कमी आहे. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शेजारी उभे राहून काढलेले स्वतःचे छायाचित्रच प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण चरबीचे प्रमाण ब्रिटिश डॉक्टरांत ९.१ टक्के आणि भारतीय डॉक्टरांत २१.२ टक्के होते. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून मेदयुक्त आणि स्नायूंनी गरीब असू शकतो, हे याहून प्रभावीपणे सांगता आले नसते. ज्याची स्नायूंची पुंजी मुळातच थोडी, त्याला वयाबरोबरची घट अधिक लवकर भोवते. त्यात व्यायामाची स्थिती अशी, की महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील चौदा हजारांहून अधिक लोकांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोक निष्क्रिय आढळले आणि फावल्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्केही भरले नाहीत.

मराठी घरांत ज्येष्ठांचा मान राखण्याची एक रीत म्हणजे त्यांच्या हातातले काम काढून घेणे. सासूबाईंनी कणीक तिंबू नये, आजोबांनी पिशव्या उचलू नयेत, दोघांनीही खाली बसू नये, असे मायेने सांगितले जाते; आणि पाटावर बसून जेवण्याची, उकिडवे बसून भाजी चिरण्याची सवय सुटली, की दिवसातून अनेकदा आपोआप घडणारी मांड्यांची कसरतही सुटते. तालमींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बैठका हा मांडी आणि कंबर यांसाठी आजही उत्तम मानला जाणारा व्यायाम आहे, आणि औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला त्यांत हातांवर शरीराचा भार तोलण्याचा भागही येतो. ज्येष्ठांनी पैलवानांसारख्या बैठका माराव्यात असे कोणी म्हणत नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून, हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, ते सोपे झाले की हातात पाण्याची बाटली धरून तेच करणे, भिंतीला हात लावून दंड काढणे आणि जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतार करणे, एवढ्याने सुरुवात होते. मात्र सोपे झालेले कठीण करत नेणे हा यातला कळीचा भाग आहे, कारण सवयीच्या भाराला स्नायू वाढून उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबर दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला आहे. छातीत दुखणे, अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब असे काही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे.

गुडघे झिजले आहेत, ही सर्वांत मोठी हरकत. झिजलेल्या गुडघ्याला हालवू नये असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणे आणि सुटणे यांमुळे भोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि मांडीचा स्नायू बळकट असेल तर सांध्यावरचा ताण तो स्वतः पेलतो. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवातावर व्यायाम हा जगभर पहिल्या फळीचा उपचार मानला जातो. हाडांनाही हाच न्याय लागू आहे. भार पडेल तशी हाडाची घडण बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, आणि अंतराळात वजनरहित राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने उतरते, हा त्याचा आधुनिक पुरावा. रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होणाऱ्या स्त्रियांना हे विशेष लागू पडते.

व्यायामाला आहाराची जोड नसेल तर तो निम्म्यावर राहतो. वृद्ध स्नायू प्रथिनांना तरुण स्नायूइतका तत्पर प्रतिसाद देत नाही, त्यामुळे त्याला प्रथिने अधिक लागतात; तज्ज्ञ शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. रात्री हलके म्हणून नुसता दूधभात किंवा पातळ वरणभात घेणाऱ्या ज्येष्ठांच्या पोटात याच्या जवळपासही प्रथिने जात नाहीत. दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट वरण, बरोबर दही वा पनीर, आणि चालत असेल तर अंडी किंवा मासे घेतले की हा आकडा गाठता येतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र तो स्वतःच्या मनाने वाढवू नये.

सर्वांत अधिक हानी होते ती आजारपणात. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलोग्रॅम स्नायूयुक्त ऊती नाहीशा झाल्या, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. आणि ही माणसे आजारी नव्हती, ताप, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया यांचा भार त्यांच्यावर नव्हता. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी त्याला उभे करण्याचा आग्रह आज धरला जातो तो यामुळेच. रुग्णालयात सुरू झालेले हे काम घरी आल्यावर बहुधा थांबते, कारण घरच्यांना वेदनेची भीती वाटते आणि पलंगावरच ताट आणून देणे हीच सेवा वाटते. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर औषधांच्या वेळांखालीच, दिवसातून किती वेळा उठायचे, कुणाचा आधार घेऊन किती पावले चालायचे, खुर्चीतून किती वेळा उठबस करायची आणि दर आठवड्याला ते कितीने वाढवायचे, हेही फिजिओथेरपिस्टकडून लिहून घेणे नातेवाइकांच्या हातात आहे; आणि पहिले जेवण पलंगावर न देता, चार पावले चालवून टेबलापाशी देणे हेही.